धुऱ्यांमधला त्रिकोण कोणत्या प्रकारचा?

प्रश्न : आमच्या शेताचा एक तुकडा दोन धुरे (शेताचे बांध) आणि पांदण यांच्यामध्ये त्रिकोणी उरला आहे. त्याच्या बाजू टेपने मोजल्या, त्या ४०, ५० आणि ७० मीटर भरल्या. कोन न मोजता त्याचा प्रकार सांगता येईल का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : निश्चित सांगता येईल. तिन्ही बाजू वेगवेगळ्या असल्याने तो विषमभुज आहे, हे उघडच आहे. कोनांसाठी सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग आणि उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज यांची तुलना करावी. दोन्ही समान आल्यास त्रिकोण काटकोन, मोठ्या बाजूचा वर्ग कमी भरल्यास लघुकोन आणि जास्त भरल्यास विशालकोन असतो. आपल्या तुकड्यात ७० चा वर्ग ४९०० असून ४० व ५० यांच्या वर्गांची बेरीज ४१०० होते, म्हणून ७० मीटर बाजूसमोरचा कोन ९० अंशांहून मोठा, म्हणजेच त्रिकोण विशालकोन आहे. गवंडी पायाची आखणी करताना ३, ४ आणि ५ फुटांची मापे धरून कोपरा काटकोनात आणतात, तेही याच नियमाने. मात्र ओबडधोबड जमिनीवर टेप कधीच अचूक बसत नाही. दोन्ही आकडे अगदी जवळ आले, तर काटकोनाचा निर्णय घाईने करू नये.

बाजूंवरून आणि कोनांवरून केलेली वर्गीकरणे स्वतंत्र असली, तरी समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असल्याने तो नेहमी लघुकोनच असतो. समद्विभुज आणि विषमभुज त्रिकोण मात्र तिन्ही प्रकारचे असू शकतात.