निर्यातीचा आलेख सपाट दिसतो म्हणून मुलीची वाट बदलावी का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आपले मशीनशॉप आहे, फौंड्रीकडून (ओतशाळेकडून) आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या भागांचे, मशीनिंग आपण करून देता आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांवर नेल्यापासून काम मंदावले आहे, असे आपण कळवले आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असून तिला आंतरराष्ट्रीय व्यापारातच पुढे शिकायचे आहे. देशाची निर्यातच वाढेनाशी झाली असताना तिला त्या क्षेत्रात जाऊ द्यावे की बँकेच्या परीक्षांच्या तयारीला बसवावे, हा आपला मुख्य प्रश्न आहे. ‘सहा आठवड्यांत निर्यातदार व्हा’ असे सांगणाऱ्या एका वर्गाची फी भरावी का, असेही आपण विचारले आहे.

निर्यात वाढेनाशी झाली, हे आपले निरीक्षण एकूण आकड्यापुरते बरोबर आहे. भारताची वस्तूंची निर्यात 2020-21 मध्ये सुमारे 292 अब्ज डॉलर होती. ती पुढच्याच वर्षी 422 अब्जांवर आणि 2022-23 मध्ये 451 अब्जांवर गेली. त्यानंतर 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांत ती 437 अब्जांच्या आसपास राहिली. परंतु या आकड्यांवरून मुलीचे भवितव्य ठरवण्यापूर्वी ते आतून कशाचे बनलेले आहेत हे पाहावे लागेल, आणि माझ्या मते तिला शिकायचे आहे ते नेमके हेच आहे.

पहिली उडी पाहा. करोनाच्या वर्षात व्यापार खाली गेलेला असल्यामुळे तुलनेचा पायाच लहान होता, शिवाय 2021 पासून जगभर तेल, पोलाद आणि शेतमालाचे भाव चढले, त्यामुळे तेवढाच माल पाठवूनही डॉलरमधील रक्कम फुगली. पुढील सपाटीचेही असेच आहे. पेट्रोलियम पदार्थांची निर्यात 2022-23 मध्ये 97 अब्ज डॉलरच्या घरात होती, ती 2024-25 पर्यंत 63 अब्जांच्या जवळ आली. याच काळात इलेक्ट्रॉनिक वस्तूंची निर्यात, प्रामुख्याने मोबाइल फोनच्या बळावर, सुमारे 24 अब्जांवरून 38 अब्जांच्या वर गेली आणि अभियांत्रिकी मालाची 107 अब्जांवरून 116 अब्जांच्या पुढे सरकली. एक मोठा गट उतरत असताना दुसरे चढत होते आणि बेरीज तेवढीच राहिली. आपला व्यवसाय ज्या गटात मोडतो, तो चढणाऱ्यांपैकी आहे.

मोबाइलच्या आकड्यालाही एक पुरवणी जोडावी लागते. त्या फोनमधील बरेचसे भाग आयात केलेले असतात, त्यामुळे निर्यातीची पूर्ण किंमत देशात निर्माण झालेली नसते. शिरोलीत ओतलेल्या आणि मशीनिंग केलेल्या कास्टिंगमध्ये देशी मूल्याचा वाटा बराच अधिक असतो, तरी एक अब्ज डॉलरचे फोन आणि एक अब्ज डॉलरची कास्टिंग तक्त्यात शेजारी बसतात आणि सारखीच दिसतात. (वर्तमानपत्रांत हा फरक क्वचितच येतो.) रुपयांतील आकडे तर अधिकच फसवे असतात, कारण 2021-22 मध्ये सरासरी 75 रुपयांच्या आत असलेला डॉलर 2024-25 मध्ये 84 रुपयांच्या वर गेला, त्यामुळे डॉलरमध्ये जागच्या जागी असलेली निर्यात रुपयांत वाढलेली दिसते.

घसरण दिसली म्हणजे परदेशात मागणी राहिली नाही, असेही नेहमी नसते. आपल्या जिल्ह्यात साखरेचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 2021-22 च्या हंगामात देशातून 100 लाख टनांहून अधिक साखर बाहेर गेली; जून 2022 पासून सरकारने निर्यातीवर मर्यादा आणली, 2023-24 च्या हंगामात ती जवळजवळ बंद ठेवली आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा केवळ 10 लाख टनांना परवानगी दिली. हा आलेख कोसळला तो दिल्लीतील निर्णयामुळे. जी व्यक्ती फक्त रेषा पाहते ती म्हणेल की भारतीय साखरेचा बाजार संपला. जी अधिसूचना वाचते तिला पुढच्या हंगामाचा अंदाज बांधता येतो, आणि अशाच व्यक्तीची गरज कारखान्यांना, व्यापाऱ्यांना व बँकांना असते.

आपल्या स्वतःच्या अडचणीकडेही याच दृष्टीने पाहावे. अमेरिकेचे 50 टक्के शुल्क सर्व मालावर सरसकट नव्हते. मोटारी आणि हलक्या ट्रकांच्या सुट्या भागांवर मे 2025 पासून वेगळ्या तरतुदीखाली 25 टक्के शुल्क होते आणि त्यावर हा 50 टक्क्यांचा बोजा चढत नव्हता. ट्रॅक्टरच्या भागांना मात्र ही सवलत नव्हती. आपण मशीनिंग केलेला भाग यांपैकी कशात मोडतो हे एचएस कोडवरून, म्हणजे व्यापारातील प्रत्येक मालाला दिलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकावरून, ठरते. कास्टिंग म्हणून एकच ओळ तिथे नसते: भट्टी तीच असली तरी माल लोखंडाची ओतीव वस्तू म्हणून 7325 मध्ये जाऊ शकतो, इंजिनाचा भाग असेल तर 8409 मध्ये, वाहनाचा असेल तर 8708 मध्ये. अशी शुल्के वाटाघाटींनुसार बदलत राहतात. म्हणून फौंड्रीला विचारून आपल्या मालाचा कोड मुलीनेच शोधावा आणि त्या कोडची मागील पाच वर्षांची देशवार निर्यात वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून काढून तिने आपल्याला समजावून सांगावी. हे काम तिला रटाळ वाटले, तर या क्षेत्राचा आग्रह मी धरणार नाही.

आता शिक्षणाविषयी. व्यापार प्रत्यक्ष करणे आणि व्यापाराचा अभ्यास करणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेसाठी भारतीय विदेश व्यापार संस्था, म्हणजे 1963 मध्ये स्थापन झालेली आयआयएफटी, ही सर्वांत नावाजलेली असून तेथील एमबीएसाठी कॅट परीक्षेची तयारी आतापासूनच सुरू करावी लागेल. दुसऱ्या वाटेसाठी शिवाजी विद्यापीठातून किंवा पुण्याच्या गोखले संस्थेतून अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेणे योग्य, त्यानंतर भारतीय आर्थिक सेवेची परीक्षाही देता येते. वाणिज्य धोरण राबवणारी भारतीय व्यापार सेवा नागरी सेवा परीक्षेतून मिळते, परंतु तिच्या जागा अगदी थोड्या असल्याने केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये. कोणतीही वाट घेतली तरी संख्याशास्त्र पक्के हवे; बी.कॉम.ला तेवढे शिकवले जात नाही, ते तिने स्वतंत्रपणे करावे.

सहा आठवड्यांच्या वर्गाची फी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयात-निर्यात कोड 500 रुपयांत ऑनलाइन मिळतो. कोड मिळाल्याने ग्राहक मिळत नाही. त्याऐवजी परीक्षा संपल्यावर उन्हाळी सुट्टीत आपल्या ओळखीच्या एखाद्या निर्यातदार फौंड्रीच्या कार्यालयात तिला बसू द्यावे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, लेटर ऑफ क्रेडिट (बँकेचे पतपत्र) ही कागदपत्रे हाताळताना आणि न्हावा शेवा बंदरातील सीएचएशी, म्हणजे सीमाशुल्काची कामे करून देणाऱ्या दलालाशी, बोलताना तिला जे कळेल, ते वर्गात कळणार नाही. विनावेतन असले तरी चालेल.

बँकेच्या परीक्षेला माझा विरोध नाही, मात्र आपण समजता तशी ती विरुद्ध दिशेची वाट नाही. निर्यातदारांची बिले, पतपत्रे आणि परकीय चलन हाताळणारे विभाग बँकांमध्येच असतात, आणि व्यापाराची समज असलेले कर्मचारी तेथे हवेच असतात. तेव्हा तिसऱ्या वर्षात तिने पदव्युत्तर प्रवेशाची तयारी मुख्य ठेवावी आणि बँकेची परीक्षा सोबत द्यावी. कोडचा तक्ता तयार झाला की तो घेऊन तिने एकदा मला भेटावे; व्यापार करण्याची की त्याचा अभ्यास करण्याची, यांपैकी कोणती वाट तिला मानवेल, ते त्या वेळी अधिक नेमके सांगता येईल.