शंका-समाधान : देठावरची अंडी आणि सहा ठिपक्यांचा भुंगेरा

प्रश्न : आटपाडी तालुक्यात (जि. सांगली) माझी डाळिंबाची बाग आहे. बांधालगत पांढऱ्या सहा ठिपक्यांचा मोठा काळा भुंगेरा धावताना दिसतो, तर पानांवर केसासारख्या देठांवर बारीक अंडी आढळतात. दोन्ही मित्रकीटक आहेत असे कळले. मावा या रस शोषणाऱ्या किडीसाठी अधिक उपयोग कोणाचा?

उत्तर : माव्यापुरते विचारत असाल, तर त्या अंड्यांचा. ती क्रायसोपर्ला या जाळीदार पंखांच्या हिरव्या कीटकाची असावीत. तीन-चार दिवसांत त्यांतून बाहेर पडणारी अळी हीच खरी शिकारी होय. विळ्यासारखे वाकलेले तिचे जबडे आतून पोकळ असतात. ते माव्याच्या अंगात रुतवून ती पाचक रस सोडते आणि विरघळलेला भाग शोषून घेते, त्यामुळे मागे केवळ सुकलेली सालपटे उरतात. ती इतकी अधाशी असते की भुकेपोटी भावंडांनाही सोडत नाही, आणि अंड्यांना देठ असण्यामागे हेही एक कारण मानले जाते. प्रौढ मात्र मकरंद, पराग आणि माव्याच्या चिकट स्रावावर जगतो. तेव्हा दिव्याभोवती हिरवे कीटक दिसले म्हणून मावा संपेल असे समजू नये. (२००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, त्यावर जगणारा मायक्रोमस हा याचाच तपकिरी भाऊबंद, त्याचे प्रौढही मावा खातात.)

भुंगेरा प्रौढपणीही शिकारीच राहतो, परंतु त्याचे क्षेत्र जमीन. तो भक्ष्य जबड्यांनी फाडून खातो, आणि समोर आलेला कीटक पिकाचा शत्रू आहे की मित्र, हे तो पाहत नाही. फांदीवरच्या माव्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. त्याला हाताने उचलूही नये, कारण डिवचल्यास तो फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो आणि ती डोळ्यांत गेल्यास फार झोंबते.

असे असले तरी जपायचे झाल्यास मी भुंगेऱ्याची काळजी अधिक करीन. क्रायसोपर्लाची अंडी विकत आणून बागेत सोडता येतात, आणि फवारणीनंतर आसपासचे प्रौढ उडतही येतात. या भुंगेऱ्याला उडता येत नाही. जमिनीत ओतलेल्या कीटकनाशकाने तो एकदा नाहीसा झाला, तर चालतच परत यावा लागतो. म्हणून बांधावरचे दगड आणि पालापाचोळा हलवू नये, आणि माव्यासाठी जमिनीत औषध ओतणे टाळावे. अंडी सोडण्यापूर्वी मात्र झाडावरच्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण चिकट स्रावाच्या लोभाने त्या माव्याची राखण करतात आणि क्रायसोपर्लाच्या अळ्यांना हुसकावून लावतात.