पारा 'खाणारे' जिवाणू: तुमचे प्रश्न

जिवाणू पारा खाऊन संपवतात, हे खरं का? (एक वाचक, महाल)

संपवत नाहीत. पारा मूलद्रव्य आहे. जिवाणू फक्त त्याचं रूप पालटतात. मिथिल पाऱ्यात (जपानच्या मिनामाताची विषबाधा याचीच, १९५६) पारा कार्बनला चिकटलेला असतो. या जिवाणूंतलं 'मर-बी' हे विकर (एन्झाइम) तो बंध तोडतं. सुटलेला पाऱ्याचा आयन (विद्युतभारित अणू) मग 'मर-ए' या दुसऱ्या विकराकडे येतो. हे विकर एनएडीपीएच (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) याचे दोन इलेक्ट्रॉन एफएडी (विकराला जोडलेला मदतनीस रेणू) याच्या हातून त्याला देतं, की झाला साधा, उडून जाणारा पारा. पेशीबाहेर गेला, जिवाणू सुटला. आपण नाही!

मर-ए क्षपण करतं (इलेक्ट्रॉन देतं), मग त्याला ऑक्सिडोरिडक्टेज (ऑक्सिडीकरण-क्षपण करणारं विकर) का म्हणतात? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, धरमपेठ)

कारण एकाला इलेक्ट्रॉन मिळाले म्हणजे दुसऱ्याचे गेले. इथे एनएडीपीएचचं ऑक्सिडीकरण होतं. व्याख्येपेक्षा गोतावळा पाहा: आपल्या पेशींतलं ग्लुटाथायोन रिडक्टेज हे विकर मर-एचं चुलत भावंड. घडण तीच, एफएडीही तेच. मर-ए मात्र सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्यांनी पारा धरतं.

मग ते आपल्यातही असतं का? (तिचाच पुढचा प्रश्न)

मर-ए नसतं. उलट रक्तातलं कॅटालेज हे विकर फुप्फुसांतून आलेल्या पाऱ्याच्या वाफेचं ऑक्सिडीकरण करून पुन्हा आयनच बनवतं. हेच मेंदूत घडलं, की तो आयन तिथे अडकतो.

कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या राखेच्या तलावात हे जिवाणू सोडले तर? (निवृत्त अभियंता, कोराडी)

कोळशात पारा अल्प प्रमाणात असतो, त्यामुळे प्रश्न रास्त. पण उघड्यावर सोडले तर पाण्यातला पारा हवेत जाणार, आणि कधीतरी पुन्हा पाण्यात येणार. शिवाय प्राणवायू नसलेल्या गाळात दुसरे जिवाणू मिथिल पारा तयार करतात. त्यांची जनुकं २०१३ मध्ये सापडली. जर्मनीत कारखान्याचं सांडपाणी बंद टाकीतल्या जिवाणूंवरून नेऊन पारा तिथेच अडवला होता. तसं करणार असाल तर बोला.

थर्मामीटर फुटला. पारा मोरीत लोटला तर जिवाणू बघून घेतील ना? (गृहिणी, सदर)

अजिबात लोटू नका, ताई! आधी पंखा-कूलर बंद, खिडक्या उघड्या, मुलं बाहेर. मे महिन्यात आपल्या नागपुरात ४५ अंश, वाफ जास्तच होते. झाडू फिरवलात तर थेंबाचे शंभर थेंब होतील. जाड कागदाने गोळे एकत्र करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. बाटली कचरागाडीत टाकू नका. घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.