सजगतेच्या वर्गाचा परिणाम मोजायला कोणती प्रश्नावली घ्यावी?

ऐरोलीच्या ऑफिसात 60 जणांसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) वर्ग आहे आणि आधी-नंतर मराठीत मोजणी करायची आहे, असं तुम्ही विचारलंय. मी एफएफएमक्यू (फाइव्ह फॅसेट माइंडफुलनेस क्वेश्चनेअर, सजगतेचे पाच पैलू मोजणारी प्रश्नावली) घ्यायला सांगेन.

दुसरी प्रश्नावली, एमएएएस (माइंडफुल अटेन्शन अवेअरनेस स्केल; ब्राउन आणि रायन, 2003), छोटी आहे. 15 विधानं, 1 ते 6 गुण, सरासरी काढली की झालं. पण सगळी विधानं बेसावधपणाची, आणि 1 म्हणजे 'जवळजवळ नेहमी', 6 म्हणजे 'जवळजवळ कधीच नाही'. म्हणजे गुण आधीच सरळ लागलेले असतात, जास्त गुण म्हणजे जास्त सजगता. विधानं नकारात्मक दिसतात म्हणून कोणी ते फिरवले, की निकाल उलटा येतो. त्यातलं गाडी चालवण्याचं विधान ठाण्याहून वाशी लोकलने येणाऱ्याला लागूही पडत नाही.

एफएफएमक्यूत (बेअर आणि सहकारी, 2006) 39 विधानं, 1 ते 5 गुण. निरीक्षण, वर्णन, भान ठेवून वागणं आणि स्वतःला दोष न देणं यांची आठ-आठ, विचारांमागे वाहून न जाणं याची सात. इथे मात्र 19 विधानं उलटी आहेत, त्यांचे गुण 6 मधून वजा करायचे. एकच बेरीज न देता पाच आकडे वेगळे ठेवा. ध्यान न करणाऱ्यांत 'निरीक्षण' बाकीच्या पैलूंशी नीट जुळत नाही. छातीतल्या धडधडीकडे काळजीखोर माणसाचंही बारीक लक्ष असतं. म्हणून इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेले कोण, हे आधीच विचारून ठेवा.

भाषांतरात खरी गंमत बिघडते ती दुहेरी नकाराने. 'माझं लक्ष टिकत नाही' याला 'कधीच नाही' असं उत्तर द्यायचं म्हटलं की माणूस अडखळतो. 'माझं लक्ष उडतं' असं लिहा. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, मग आठ-दहा जणांना प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावावं. पैलूंची रचना मराठीत टिकते का, हे 60 जणांवर कळणार नाही. त्याला दोन-तीनशे लागतात.

आणि वर्गानंतर गुण घसरले तर घाबरू नका. मन किती भटकतं हे माणसाला आता कुठे दिसू लागलेलं असतं, त्यामुळे तो स्वतःला कडक गुण देतो. प्रश्नावली मोजते तो माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज. यासाठीच 30 जणांना आधी शिकवा, 30 जणांना थांबवून ठेवा, कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दोन्ही गटांकडून प्रश्नावली एकाच आठवड्यात भरून घ्या. कागदावर नावाऐवजी क्रमांक, आणि गोळा करणारा वर्ग घेणारा किंवा एचआरचा माणूस नको.