एकाच हीटची कास्टिंग, दोन हार्डनेस: फरक वेळेचा आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोलीच्या फाउंड्रीत एस.जी. आयर्नची (ज्यात ग्रॅफाइट बारीक गोळ्यांच्या, म्हणजे नोड्यूलच्या रूपात असतं ते बीड) एकच हीट, म्हणजे एकाच वेळी वितळवलेला रस, ओतली; स्पेक्ट्रोचा, म्हणजे रासायनिक घटकांचा, रिपोर्ट एकच. तरी संध्याकाळी नॉकआऊट केलेली (साचा फोडून बाहेर काढलेली) कास्टिंग कडक लागली आणि सुट्टीमुळे साच्यातच राहिलेली मऊ. फेज डायग्राममध्ये (कोणत्या तापमानाला धातूची कोणती रचना, म्हणजे फेज, स्थिर असते ते दाखवणाऱ्या आकृतीत) कारण सापडत नाही.

सापडणारही नाही. त्या आकृतीत तापमान आहे, कार्बन आहे, वेळ नाही. पुरेसा अवकाश मिळाला तर धातू शेवटी कुठे पोचेल एवढंच ती सांगते. पांढरं कथील 13.2 अंश सेल्सिअसच्या खाली अस्थिर होतं, पण तेवढ्या थंडीत ते वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहू शकतं.

वेळेचा हिशेब पोलादासाठी डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी 1930 साली मांडला. छोटे तुकडे तापवायचे, झटकन एका ठरलेल्या कमी तापमानाला आणून धरायचे, मग वेगवेगळ्या वेळी पाण्यात बुडवून तोवर किती बदल झाला ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. 0.8 टक्के कार्बनच्या पोलादात 727 अंशांच्या किंचित खाली बदल फार रेंगाळतो, 550 च्या आसपास साधारण सेकंदाभरात सुरू होतो आणि त्याखाली पुन्हा मंदावतो. वर अणू चपळ असतात, पण बदलायची ओढ कमी असते. खाली ओढ भरपूर, पण अणूंना हलताच येत नाही. दोन्हींचा मेळ मध्ये बसतो.

शिवाय नव्या फेजला आधी बीज लागतं. आपल्याकडे गुऱ्हाळावर गुळव्या वाफ्यातला पाक घोटत राहतो, कारण घोटल्याने साखरेच्या कणांची बीजं एकदम असंख्य पडतात. इनॉक्युलेशनने (रसात बीजं पाडणारी भर घातल्याने) ग्रॅफाइटचे नोड्यूल संख्येने वाढतात, तेही असंच.

आता तुमचं कास्टिंग. ऑस्टेनाइटचं (तापलेल्या लोखंडाची, कार्बन विरघळवून ठेवणारी फेज) फेराइट (जवळजवळ कार्बन नसलेली मऊ फेज) व्हायचं तर त्यातला कार्बन चालत जाऊन जवळच्या नोड्यूलवर बसला पाहिजे. अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. म्हणून नोड्यूल दाट असतील तिथे फेराइट लवकर होतं. साच्यातली वाळू उष्णता धरून ठेवते, कार्बनला हा वेळ मिळतो आणि कास्टिंग मऊ येतं. तेच लालबुंद असताना बाहेर काढून हवेवर टाकलं की कार्बन वाटेतच अडकतो. मग फेराइट आणि सिमेंटाइटचे (लोखंड-कार्बनचं कडक संयुग) आलटून पालटून पातळ थर पडतात, तोच पर्लाइट. तुमची कडक कास्टिंग तीच, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. (तांबं जास्त असेल तर पर्लाइटकडे कल आणखी वाढतो, पण हीट एकच असल्यामुळे इथे तो मुद्दा नाही.)

पडताळा घ्या. दोन्हींचे सारख्याच जाडीच्या ठिकाणचे तुकडे कापा, पॉलिश करून नायटलने (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल) एच करा, म्हणजे पृष्ठभाग हलकासा खरवडून रचना उघडी करा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. नोड्यूल काळा, भोवती पांढरं फेराइटचं कडं, त्याबाहेर करडा पर्लाइट असं दिसेल. मऊ तुकड्यात कडी रुंद होऊन एकमेकांत मिसळलेली असतील, कडक तुकड्यात ती अरुंद असतील किंवा नसतीलच. दोन्हीकडे कडी सारखीच निघाली, तर माझं निदान चुकीचं धरा आणि हार्डनेस कुठे मोजला ते आधी तपासा.

मऊ माल लगेच भंगारात टाकू नका. साधारण 900 अंशांना धरलं की नोड्यूलमधला कार्बन पुन्हा ऑस्टेनाइटमध्ये विरघळतो. मग हवेवर थंड केलं की पर्लाइट परत येतो. त्याआधी ग्राहकाची परवानगी मात्र घ्या.

पुढच्या हीटपासून प्रत्येक साच्याची ओतल्याची आणि नॉकआऊटची वेळ लिहून ठेवा, आणि बाहेर काढताना कास्टिंग लाल होतं की काळं, हेही. जाड भागाचा रंग वेगळा लिहा, तो पातळ भागाच्या बराच मागे असतो. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की इथे टाका, बघून सांगतो.