‘उदासीन’ नव्हे, ‘करमत नाही’

जिंतूर तालुक्यातील एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे की, मुलांच्या मानसिक आरोग्याच्या पाहणीसाठी शाळेत आलेल्या प्रश्नावलीत ‘गेल्या दोन आठवड्यांत तू उदासीन होतास का?’ असा प्रश्न आहे. येथे ‘उदासीन’ बरोबर की ‘उदास’?

‘उदासीन’ सपशेल चूक आहे, आणि ही चूक आता इतकी बोकाळली आहे की ऐकवत नाही. उदासीन म्हणजे तटस्थ, अलिप्त. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘उदासीनो गतव्यथः’ हे भगवंताला प्रिय असलेल्या भक्ताचे लक्षण सांगितले आहे; ते विशेषण व्यथेत बुडालेल्या मुलाला कसे लावता येईल? ‘उदास’ चालेल, पण अपुरे पडेल, कारण नैराश्य तपासताना खिन्नतेइतकेच महत्त्व कशातही गोडी न वाटण्याला असते आणि किशोरवयात तर खिन्नतेऐवजी चिडचिडच पुढे येऊ शकते.

गोडी न वाटण्यासाठी आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी नेमका शब्द आहे: ‘करमंना’. काही जण ‘करमणे’ हे ‘रमणे’वरून काढतात, पण मग आरंभीचा ‘क’ कोठून आला, हे ते सांगत नाहीत. माझ्या मते त्याचे मूळ ‘क्रमणे’ आहे. त्रासाचा ‘तरास’ आणि प्रसादाचा ‘परसाद’ होतो, तसेच क्रमणेचे करमणे झाले. जुन्या लेखनातील ‘कालक्रमणा’ आठवावी, म्हणजे ‘करमत नाही’ याचा गाभा ‘वेळ पुढे सरकत नाही’ असा आहे, हे ध्यानात येईल. खचलेल्या मुलाची अवस्था याहून अचूक कोणत्या शब्दाने सांगणार? शिवाय ‘मला करमत नाही’ या वाक्यात मूल कर्ता नसते, त्यामुळे त्याच्यावर दोष येत नाही. ‘तू उदासीन होतास का?’ या रचनेत तो नकळत येतो.

प्रश्नावलीचे उलट भाषांतर करून, म्हणजे मराठी मजकूर दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा मूळ भाषेत आणून, पडताळणी झाली होती, असा बचाव कोणी केला तर तो मला मान्य नाही. दोन्ही भाषांतरकार शिकलेले असले की ‘उदासीन’ कोठेही न अडखळता पार होतो. प्रश्नाचा अर्थ सातवीतल्या मुलाला त्याच्या शब्दांत सांगायला लावावा, तेव्हाच खरी पारख होते.

एक अडचण मात्र खरी आहे. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहिलेले बीडकडचे मूलही ‘करमंना’ म्हणते, आणि ती केवळ घरची ओढ असू शकते. म्हणून त्याच्या पाठोपाठ ‘खेळतानाही करमत नाही का?’ आणि ‘कधीपासून?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.