पोकरमध्ये बिग ब्लाइंडला (पानं बघायच्या आधीच मोठी सक्तीची बेट टाकावी लागते ती जागा) असताना फ्लॉपवर (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) आपणच आधी बेट कधी टाकायची?

एक्का-राजा असा फ्लॉप आला तर गुपचूप चेकच (बेट न टाकता पाळी पुढं द्यायची), फ्लॉपआधी ज्याने रेझ केलंय (बेट वाढवलीय) त्याच्याकडेच ती पानं जास्त असतात, त्याला बेट करू द्या. पण ४-५-६ सारखा फ्लॉप आला न तुम्ही नुसतं कॉल करून (त्याच्याएवढीच बेट भरून) आलाय तर दोन जोड्या, स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) तुमच्याकडे जास्त निघणार, मग पॉटच्या (मध्ये जमलेल्या सगळ्या बेटांच्या) तिसऱ्या हिश्श्याएवढी बेट टाकायला हरकत नाही.
आमच्या सांगलीत दिवाळीला तीन पत्तीवाले पोकरला बसतात (नुसत्या चिप्सवर हां), चार-पाच जण कॉल करून येतात न सगळे चेक करून पुढचं पान फुकटात बघतात, अशा टेबलावर हात पक्का असला की चेक-रेझच्या (आधी चेक, मग दुसऱ्याने बेट टाकली की रेझ) नादाला लागू नका राव, सरळ अर्धा पॉट बेट करा, कॉल करणारा कोणतरी असतोयच. ब्लफ मात्र तिथं अजिबात नको.